धडाचा तोल : 'कोअर'च्या संशोधनाची तीस वर्षे

गेल्या काही वर्षांत जे इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात सहज मिसळून गेले, त्यांत 'कोअर' हा एक आहे. व्यायामशाळेतला प्रशिक्षक म्हणतो, 'तुमचा कोअर कमकुवत आहे.' कंबरदुखीच्या रुग्णाला हेच वाक्य दवाखान्यात ऐकायला मिळते आणि धावण्याच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या तरुणालाही. मग सगळेच कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर तोलून प्लँक करू लागतात. माणसे वेगळी, गरजा वेगळ्या, उपाय मात्र एकच. या उपायामागे कोणते संशोधन उभे आहे आणि ते किती भार पेलू शकते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मी वैद्यकाचा पदवीधर नाही. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून व्यायामपद्धतींचा इतिहास वाचत आलो आणि त्या ओघात या विषयावरचे शोधनिबंध वाचावे लागले. हिशेबनिसाला एक सवय असते : बेरीज मान्य करण्याआधी ती कशाकशाची आहे, हे तो पाहतो. त्याच सवयीने हा लेख लिहिला आहे.

नऊ किलोंचा खांब

'कोअर' म्हणजे पोटावर दिसणाऱ्या चौकटी, असा सर्वसाधारण समज आहे. संशोधकांच्या डोळ्यांपुढे मात्र एक डबा असतो. त्याचे झाकण म्हणजे श्वासपटल, बूड म्हणजे ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, पुढची आणि बाजूची भिंत म्हणजे पोटाच्या स्नायूंचे थर आणि मागची भिंत म्हणजे कण्याला बिलगलेले स्नायू. काही अभ्यासक खुब्याभोवतीचे स्नायूही त्यात धरतात. या सगळ्याला मी पुढे 'धड' हाच आपला साधा शब्द वापरतो.

या डब्याचे काम काय, हे कळण्यासाठी येल विद्यापीठातला एक प्रयोग उपयोगी पडतो. क्रिस्को आणि मनोहर पंजाबी यांनी मृतदेहातील कमरेचा कणा घेतला. हाडे, चकत्या आणि अस्थिबंध शाबूत होते. स्नायू तेवढे काढले होते. त्यावर वरून भार वाढवत नेला, तेव्हा सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे ढोबळमानाने नऊ किलोंना, तो एकाएकी वाकला. जिवंत माणसाच्या कमरेवर डोके, हात आणि छाती मिळून याच्या कितीतरी पट वजन दिवसभर असते. वर आपण पाण्याची कळशी उचलतो, मूल कडेवर घेतो. तंबूचा खांब तणाव्यांनी चहूबाजूंनी ओढून धरलेला असतो म्हणून उभा राहतो. तसा कणा स्नायूंमुळे उभा राहतो.

१९९२मध्ये पंजाबी यांनी या विचाराला पुरी चौकट दिली. कण्याचे स्थैर्य तीन व्यवस्था मिळून राखतात : हाडे व अस्थिबंध, स्नायू आणि त्यांना हुकूम देणारी मज्जासंस्था. एक कमी पडली तर दुसऱ्या दोन तिची भरपाई करू पाहतात. या तिघांपैकी तिसरीकडे पुढे सर्वांत कमी लक्ष गेले, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते.

हात उचलण्याआधी

१९९६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखी असलेली १५ माणसे आणि नसलेली १५. त्यांच्या पोटाच्या स्नायूंत अतिशय बारीक तारा घालून विद्युतसंदेश टिपले. काम एवढेच, की खूण मिळताच उभ्याने हात झटकन उचलायचा.

निरोगी माणसांत खांद्याचा स्नायू हलण्याच्या आधीच पोटातला सर्वांत आतला, कमरपट्ट्यासारखा आडवा स्नायू जागा झाला होता. त्याचे नाव ट्रान्सव्हर्सस ॲब्डोमिनिस. हात हलला की शरीराचा तोल ढळणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असते आणि तो खांब अगोदर सावरून घेतो. कंबरदुखीच्या गटात हा स्नायू उशिरा जागा होत होता. हा उशीर सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाचा होता. म्हणजे प्रयोगात मोजली गेली ती वेळ होती. हा स्नायू किती बलवान आहे, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नव्हता.

त्याच विद्यापीठात जूली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी कण्याला चिकटलेल्या मल्टिफिडस या स्नायूचा अभ्यास केला. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ रुग्णांत त्यांना दिसले, की दुखणे थांबले तरी आक्रसलेला स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. त्याला नेमका व्यायाम द्यावा लागतो. २००१मध्ये त्याच रुग्णांचा पुढचा हिशेब आला. एका वर्षात पुन्हा दुखणे उद्भवलेले, व्यायाम केलेल्या गटात ३० टक्के आणि न केलेल्या गटात ८४ टक्के. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण प्रत्येक गटात जेमतेम वीस माणसे होती, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे.

वेळेची ताकद झाली, ताकदीची बाजारपेठ

प्रयोगशाळेतली ही निरीक्षणे बाहेर आली तेव्हा त्यांचे रूप पालटले. 'उशिरा जागा होतो' याचे 'कमकुवत आहे' झाले. 'कंबरदुखी असलेल्यांत असे आढळते' याचे 'यामुळे कंबर दुखते' झाले. खरे तर दुखण्यामुळेही स्नायूंचा क्रम बिघडू शकतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून कोणती आधीची, हे ठरत नाही. बेंबी आत ओढून धरा, दिवसभर धरा, असे सल्ले सुरू झाले.

यावर पहिला मोठा आक्षेप कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल यांचा. तंबूचा एकच तणावा ओढून खांब स्थिर होत नाही, तसा एकच स्नायू निवडून कणा स्थिर होत नाही. सगळे मिळून थोडे थोडे आवळावे लागतात. त्यांनी सुचवलेले तीन व्यायाम आज जगभर शिकवले जातात : पाठ सपाट न दाबता डोके-खांदे किंचित उचलणे, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग तोलणे आणि रांगत्या स्थितीत समोरासमोरचा हात-पाय लांब करणे. यातली प्रत्येक स्थिती त्यांनी दहाएक सेकंदांहून जास्त धरायला सांगितलेली नाही. पाच-पाच मिनिटांच्या प्लँकच्या शर्यतींशी याचा फारसा संबंध नाही. उभे राहताना किंवा चालताना धडाचे स्नायू कमाल ताकदीच्या अगदी थोड्या टक्क्यांनीच काम करतात, हेही याच मोजमापांतून पुढे आले.

दुसरा आक्षेप अधिक धारदार होता. २०१०मध्ये लंडनच्या एयाल लेडरमन यांनी 'कोअर स्थैर्याचे मिथक' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. गरोदरपणात पोटाचे स्नायू ताणून सैल होतात. स्नायूंची ताकद हेच कारण असते, तर कंबरदुखीचा त्याच्याशी सरळ मेळ बसायला हवा होता, तो बसत नाही, हा त्यांचा एक मुद्दा.

इथे महाराष्ट्राचा एक दुवा सांगायला हवा. पोट आत घेण्याची क्रिया आपल्याकडे योगाभ्यासात जुनी आहे आणि तिचे यंत्रांनी मोजमाप करण्याचे काम लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४पासून हाती घेतले. उड्डियान आणि नौली यांच्या वेळी पोटातला दाब कसा उतरतो, याचे अहवाल त्यांच्या 'योगमीमांसा'त आहेत. आजकाल उड्डियान म्हणजे आपले जुने 'कोअर ट्रेनिंग' असे सर्रास म्हटले जाते. दोन्हींत पोट आत जाते एवढेच साम्य आहे. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, घसा मिटून छाती फुगवतात. श्वासपटल वर जाते आणि सैल सोडलेले पोट आत खेचले जाते. फिजिओथेरपीतल्या व्यायामात श्वास चालू ठेवून आडवा स्नायू स्वतः आवळायचा असतो. एकात भिंत सैल, दुसऱ्यात ताणलेली. बाहेरून सारखे दिसणारे आतून उलटे असू शकते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजण्याची ती शिस्त आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वी होती.

जमाखर्च

आता तीन गरजांचा तीन खात्यांत हिशेब मांडू.

पहिले खाते कंबरदुखीचे. जुनाट कंबरदुखीसाठी धडाच्या नियंत्रणाचे व्यायाम किती उपयोगी, याचा कॉक्रन संस्थेचा आढावा २०१६मध्ये आला. त्यात २९ चाचण्या आणि २४३१ रुग्ण होते. काहीच विशेष न करण्यापेक्षा हे व्यायाम चांगले, पण इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षा सरस नाहीत, हा त्याचा निष्कर्ष. म्हणजे ज्याला चालणे किंवा योगासने आवडतात आणि जमतात, त्याने ती सोडून प्लँककडे वळावे, असे हा आढावा सांगत नाही.

दुसरे खाते खेळाचे. २०१२मध्ये रीड आणि सहकाऱ्यांनी खेळातील कामगिरीवरचे अभ्यास तपासले. धडाच्या व्यायामाने धडाच्या चाचण्यांत गुण वाढतात; वेग, उडी, फेक यांत पडणारा फरक किरकोळ. त्यातही बहुतेक अभ्यासांत इतर व्यायाम सोबत होतेच, त्यामुळे श्रेय कोणाचे हे वेगळे काढता येत नाही. मात्र दुखापतीबद्दल येलमधला २००७चा एक अभ्यास बोलका आहे. महाविद्यालयीन २७७ खेळाडूंच्या धडाला ताण देऊन तो अचानक सोडला आणि धड किती हेलकावते ते मोजले. पुढच्या तीन वर्षांत २५ जणांचा गुडघा दुखावला. ज्यांचे धड जास्त हेलकावले होते त्यांना हा धोका अधिक होता, आणि मुलींमध्ये हा संबंध विशेष ठळक होता. इथेही मोजले ते सावरणे.

तिसरे खाते पुनर्वसनाचे, आणि माझ्या मते खरी जमा इथे आहे. जर्मनीत उर्स ग्रानाखर यांच्या गटाने ३२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना नऊ आठवडे डळमळत्या पृष्ठभागावर धडाचे व्यायाम दिले. त्यांची धडाची ताकद, हात पुढे नेतानाचा तोल आणि चाल, तिन्ही सुधारले.

पक्षाघातात तर धडाचा प्रश्न मुळाशी असतो. माझ्या थोरल्या भावाला झटका आला तेव्हा घरातल्या सगळ्यांचे डोळे त्याच्या उजव्या हाताकडे होते. फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र त्याला रोज पलंगाच्या कडेला बसवी आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकून परत मधे यायला लावी. वहिनी शेवटी म्हणालीच, 'मॅडम, ह्यांचा हात हलत नाहीये, त्याचं बघा ना आधी.' ती म्हणाली, 'काकू, हात पुढे जायला खाली बसणं पक्कं हवं. आत्ता हात उचलला तर ते स्वतःच कलंडतील.' हॉजेस यांच्या प्रयोगाचे इतके नेमके मराठी भाषांतर मी दुसरे ऐकलेले नाही.

तिच्या म्हणण्याला आधार आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत बसण्याचा तोल कसा आहे, यावरून सहा महिन्यांनी रुग्ण स्वतःचे किती करू शकेल याचा बराच अंदाज येतो, असे अभ्यास आहेत. स्पेनमधल्या एका चाचणीत ८० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज पाच आठवडे रोज १५ मिनिटे धडाचे व्यायाम दिले. बसण्याचा तोल आणि धडावरचा ताबा त्यांच्यात जास्त सुधारला. इथे चोखंदळ वाचक विचारील, की हा गुण व्यायामाचा की जादा वेळेचा? कॉक्रनच्या २०२३च्या आढाव्यात याचे उत्तर सापडते. ६८ चाचण्यांच्या या हिशेबात, दोन्ही गटांना सारखाच वेळ दिला तरी धडावरचा ताबा, उभ्याचा तोल आणि चालणे यांत धडाचे व्यायाम करणारे पुढे दिसतात. पुराव्याचा दर्जा सगळीकडे सारखा पक्का नाही, हे आढावा स्वतःच नोंदवतो. तरी दिशा स्पष्ट आहे.

तिन्ही खाती शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. ज्यांचा धडावरचा ताबा खरोखर गेला आहे, त्यांना या व्यायामाचा लाभ सर्वांत जास्त; ज्यांचा शाबूत आहे, त्यांना सर्वांत कमी. जाहिराती मात्र दुसऱ्या गटासाठी असतात. पहिल्या गटातला रुग्ण बहुधा घरी पाठ टेकून निजलेला असतो, आणि घरचे त्याच्या हाताला तेल चोळत बसलेले असतात.

शब्दांचाही एक खर्च असतो. कंबर दुखणाऱ्या माणसाला 'तुमचा कणा अस्थिर आहे' असे सांगितले, की तो वाकायला भितो, पिशवी उचलायला भितो, पोट आवळून वावरतो. हालचाल कमी होते आणि बरे होण्याला हवी असते ती हालचालच. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी 'कोअर'चे व्यायाम सांगितले, तर एवढे जरूर विचारावे : हे मला कशासाठी, आणि सुधारणा झाली हे कशावरून ओळखायचे? प्लँक किती मिनिटे टिकला, हे त्याचे उत्तर असू नये. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागेनासा झाला, बसमध्ये उभ्याने सावरता येऊ लागले, पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या हाताने घास घेता आला, अशी उत्तरे मिळाली तर व्यायाम चालू ठेवावा.