रायफल घेताय? आधी 'ॲक्शन' समजून घ्या!

वर्गातल्या एका मित्राने वर्षभर पार्टटाइम जॉब करून पंधरा हजार साठवले आणि एअर रायफल घेतली. दिसायला एकदम भारी, वर दुर्बीणही बसवलेली. पहिल्याच दिवशी रेंजवर सरांनी ती हातात घेऊन पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ही घरी ठेव. सरावाला क्लबची वापर." बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, हे त्याला दुकानात कुणी सांगितलंच नव्हतं. पण खरी गडबड होती ॲक्शनची.

पनवेलला नेमबाजी काही नवीन नाही. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकची फायनल गाठणाऱ्या सुमा शिरूर यांचा 'लक्ष्य शूटिंग क्लब' आपल्या पनवेलचाच. त्याच वर्षी क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मारले होते! हे वाचून रायफल घ्यावीशी वाटली, तर आधी थोडं थांबा.

ॲक्शन म्हणजे काय?

रायफल लोड करण्याची आणि झाडण्याची यंत्रणा म्हणजे ॲक्शन. स्वस्त एअर रायफलमध्ये बहुतेकदा स्प्रिंग असते. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा भरायचा, ट्रिगर ओढायचा. ट्रिगर ओढला की आतला दट्ट्या जोरात पुढे धावतो आणि छर्रा बाहेर पडायच्या आतच रायफलला धक्का बसतो. म्हणजे तुमचा नेम बरोबर असला, तरी रायफल हललेली असते.

आता हिशेब बघा. १० मीटरवरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर अंतरावर. म्हणजे छर्रा अडीच मिलिमीटर सरकला की एक पूर्ण गुण गेला. असे ६० शॉट मारायचे असतात.

म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये पीसीपी रायफल दिसते. तिच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा आधीच भरलेली असते. ट्रिगर ओढला की व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, छर्रा सुटतो आणि धक्का जवळपास जाणवतच नाही. अडचण एकच, किंमत! इम्पोर्टेड मॅच रायफल लाखाच्या पुढे जाते. शिवाय हवा भरायची सोय लागते ती वेगळीच.

५० मीटरचा खेळ वेगळा

इथे .२२ची रायफल लागते आणि तिला शस्त्रपरवाना हवा. ॲक्शन असते बोल्ट. प्रत्येक शॉटआधी हाताने बोल्ट उघडायचा, एकच काडतूस ठेवायचं, बोल्ट बंद करायचा. सेमी ऑटोमॅटिकमध्ये शॉटची काही ताकद पुढचं काडतूस भरायला खर्च होते आणि आतले भाग हलतात. बोल्ट मात्र घट्ट लॉक राहतो, त्यामुळे प्रत्येक शॉट आधीच्यासारखाच सुटतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं, ते याच ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून.

मग करायचं काय?

सुरुवातीचे काही महिने क्लबच्या रायफलवर काढा. तुम्हाला हा खेळ खरंच झेपतोय का आणि १० मीटर आवडतं की ५०, हे आधी कळू द्या. स्प्रिंग रायफल वाईट नाही. ट्रिगर ओढल्यावरही स्थिर राहायची सवय ती चांगली लावते. पण 'स्पर्धेसाठी' म्हणून साठवलेले सगळे पैसे तिच्यात घालू नका. सेकंडहँड पीसीपी मिळत असेल, तर सिलिंडरवरची मुदत आधी बघा. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. आणि पैसे देण्याआधी कोचना एकदा रायफल दाखवाच.

माझा मित्र आता आठवड्यातून तीन दिवस क्लबच्या पीसीपीवर सराव करतो. स्वतःची रायफल कपाटात आहे. विकतोस का, असं विचारलं तर म्हणाला, "नको. पुढच्या वेळी घाई झाली की कपाट उघडून बघेन."