रुग्णसेवा आणि विजेची अखंडता

रुग्णालयाच्या जमाखर्चाच्या पत्रकात ‘वीज, इंधन व जनरेटर देखभाल’ अशी एक ओळ दरवर्षी असते. नवी यंत्रसामग्री, शस्त्रक्रिया, सवलतीतील उपचार यांची माहिती आस्थेने वाचणारे आमचे हितचिंतक या ओळीपाशी क्वचितच थांबतात. थांबलेच तर त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. विजेवर खर्च होणारी ही रक्कम गरीब रुग्णांच्या औषधोपचारासाठी का वापरू नये? हा प्रश्न रास्त आहे. दिलेल्या रुपयाचा विनियोग कसा झाला, हे विचारण्याचा देणगीदारांना पूर्ण अधिकार आहे. या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

विजेवाचून काय अडते?

घरातील वीज गेली तर गैरसोय होते. रुग्णालयातील वीज गेली तर उपचार खंडित होतात. व्हेंटिलेटरमध्ये बॅटरी असते, परंतु ती मर्यादित काळापुरतीच असते. डायलिसिस चालू असताना वीज गेली आणि यंत्रातील बॅटरीही संपली, तर नळ्यांमधील रक्त रुग्णाच्या शरीरात परत पोहोचवण्यासाठी कर्मचाऱ्यांना पंप हाताने फिरवावा लागतो. उपकरणे निर्जंतुक करण्याच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमान ठरावीक मिनिटे टिकावे लागते. मध्येच खंड पडला तर ती सर्व प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते आणि पुढची शस्त्रक्रिया तोवर खोळंबते.

रक्तपेढीतील तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात ठेवतात. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांत आणि सतत हलत्या स्थितीत ठेवाव्या लागतात. लसींसाठी २ ते ८ अंश तापमान आवश्यक असते. उष्णतेने लस निकामी होते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु काही लसी गोठल्यानेही निकामी होतात, याची कल्पना अनेकांना नसते. अशी लस दिसायला बहुधा पूर्वीसारखीच असते. बाळाला टोचली तरी संरक्षण मिळत नाही, आणि हे पालकांना कळतही नाही. विजेच्या लहरीपणाचे सर्वात मोठे नुकसान असे न दिसणारे असते.

म्हणून रुग्णालयातील विजेचे तीन भाग करावे लागतात. पहिला, जिथे क्षणाचाही खंड चालत नाही, उदाहरणार्थ अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृह. येथे यूपीएस लागतो. दुसरा, जिथे काही सेकंदांचा खंड चालतो. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होऊन भार उचलेपर्यंत साधारणपणे दहा-पंधरा सेकंद जातात, तेवढा अवधी हे विभाग सोसू शकतात. तिसरा भाग धुलाई, कार्यालय, वातानुकूलनाचा काही हिस्सा असा, जो थोडा वेळ थांबला तरी रुग्णाच्या जिवाला धोका नसतो. सगळे काही जनरेटरवर घेण्याचा मोह महागात पडतो, कारण त्याने यंत्रावरील भार वाढतो आणि खरी गरज असलेल्या विभागांचीच सुरक्षितता कमी होते.

जनरेटर आहे, म्हणजे निश्चिंत आहोत का?

जनरेटर आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी चक्रीवादळाने न्यूयॉर्क शहरात पाणी शिरले. तेथील न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लँगोन रुग्णालयात जनरेटरची सोय होती. परंतु तळघरातील यंत्रणा पाण्याखाली गेली आणि पर्यायी वीजही बंद पडली. तीनशेहून अधिक रुग्णांना त्या रात्री जिने उतरवून अन्यत्र हलवावे लागले. त्यांत अतिदक्षता विभागातील नवजात बालकेही होती. साधनसंपन्न देशातील नामांकित रुग्णालयाचा हा अनुभव आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस पाहिलेल्या महाराष्ट्राला यातील बोध वेगळा सांगावयास नको. जनरेटर कोणत्या क्षमतेचा आहे याइतकेच तो, त्याची इंधनटाकी आणि वीजवाहक फलक किती उंचीवर आहेत, हेही महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट खर्चाची. एक लिटर डिझेलपासून जनरेटर साधारणपणे तीन ते साडेतीन युनिट वीज देतो. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले तर केवळ इंधनापोटी एक युनिट पंचवीस ते तीस रुपयांना पडते. तेल, फिल्टर आणि दुरुस्ती यांचा खर्च वेगळा. यंत्रावर भार फारच कमी असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो. तिसरी गोष्ट आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडवून आणणाऱ्या घटकांत केला. श्वसनविकाराच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थेने आपल्याच आवारात हा धूर कमीत कमी राहील, हे पाहणे उचित होय.

सौर ऊर्जेविषयी एक सार्वत्रिक गैरसमज

‘छतावर सौर पॅनेल बसवा, म्हणजे वीज गेली तरी चिंता नाही,’ असा सल्ला आम्हांला सद्भावनेने अनेकदा दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. वीज कंपनीच्या वाहिनीशी जोडलेली साधी सौर यंत्रणा बाहेरील वीज जाताच आपोआप बंद होते. हा दोष नसून सुरक्षिततेची योजना आहे. तसे नसते तर बंद समजून दुरुस्तीसाठी हात लावलेल्या वाहिनीत आपल्या छतावरील वीज गेली असती आणि वायरमनचा जीव धोक्यात आला असता. म्हणजे भर दुपारी, लख्ख उन्हातही, अशी यंत्रणा वीज गेल्यावर रुग्णालयाच्या कामी येत नाही.

म्हणून येथे दोन स्वतंत्र गोष्टी ओळखल्या पाहिजेत. वीजबिलाची बचत ही एक, आणि विजेची सुरक्षितता ही दुसरी. महाराष्ट्रातील उन्हाचा विचार करता एक किलोवॅट क्षमतेची यंत्रणा दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते, आणि तिला सुमारे शंभर चौरस फूट मोकळे छत लागते. बचत यातून होते. सुरक्षिततेसाठी मात्र जोडीला बॅटरी आणि बाहेरील वीज नसतानाही चालणारा इन्व्हर्टर लागतो. पहिल्या गोष्टीतून वाचलेला पैसा दुसऱ्या गोष्टीकडे वळवणे, हा आम्हांला व्यवहार्य मार्ग वाटतो.

अशी जोड दिल्यास काय साधते, याचा अभ्यास आपल्या देशात झालेला आहे. छत्तीसगढ राज्यात शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सौर यंत्रणा बसवण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौर वीज असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांची तुलना केली गेली. सौर वीज असलेल्या केंद्रांत महिन्याला होणाऱ्या प्रसूतींची संख्या इतर केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. या फरकामागे एकट्या विजेचाच हात असेल असे म्हणता येणार नाही. तथापि रात्री दिवा असेल याची खात्री असलेल्या केंद्राकडे गरोदर माता विश्वासाने वळते, हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना व सहयोगी संस्थांच्या २०२३ च्या अहवालानुसार अल्प व निम्न-मध्यम उत्पन्न गटांतील देशांत सुमारे शंभर कोटी लोक ज्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, तेथे वीज भरवशाची नाही किंवा मुळीच नाही.

प्राणवायू आणि वीज

२०२१ च्या कोरोना लाटेनंतर देशभर हवेपासून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभे राहिले. त्यांतील झिओलाइट नावाचा पदार्थ हवेतील नायट्रोजन शोषून घेतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळतो. परंतु हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. वीज नाही, तर निर्मिती नाही. द्रवरूप प्राणवायूची टाकी भोवतालच्या हवेच्या उष्णतेवरच वायू देते, मात्र ती भरण्यासाठी टँकर यावा लागतो. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या एका रुग्णास तो अकरा-बारा तास पुरतो. तिन्हींचे गुणदोष वेगळे असल्यामुळे एकावरच विसंबणे योग्य नाही. एक साधन बंद पडल्यास दुसरे कोणी, किती मिनिटांत सुरू करायचे, हे भिंतीवर लिहिलेले असावे आणि त्याची तालीम व्हावी, असा आमचा आग्रह असतो.

देणगीदारांस विनंती

हिशेबाच्या दृष्टीने पाहता एक अडचण प्रांजळपणे मांडणे आवश्यक आहे. सौर पॅनेल पंचवीस वर्षे टिकू शकतात, पण शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या बहुधा तीन ते पाच वर्षांत बदलाव्या लागतात. नव्या यंत्रासाठी देणगी मिळते, त्यावर नामफलक लागतो, उद्‍घाटन होते. बॅटरी बदलण्यासाठी, पॅनेल धुण्यासाठी, जनरेटरची दरमहा चाचणी घेण्यासाठी देणगी देण्याचे कोणाच्या मनात सहसा येत नाही. परिणामी अनेक संस्थांत चांगली यंत्रणा केवळ बॅटरीअभावी निरुपयोगी पडून राहते. दिलेले दान असे वाया जाणे हे देणाऱ्यालाही क्लेशदायक असते.

यासाठी यंत्रसामग्रीकरिता मिळणाऱ्या प्रत्येक देणगीबरोबर तिच्या देखभालीचा व बदलीचा वाटा स्वतंत्र निधीत जमा व्हावा, अशी आमची विश्वस्त मंडळास व देणगीदारांस नम्र विनंती आहे. त्या निधीवर नामफलक लावता येणार नाही. परंतु एखाद्या मध्यरात्री गावातील दिवे जातील, आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ते कळणारही नाही. या दानाचे फळ ते हेच.