हात एक, गळे निराळे

युकुलेलेचं वेड लागलेल्या माणसाच्या घरी एकाच कारखान्याची चार-पाच वाद्यं सहज सापडतात. सगळी तपकिरी, सगळी काखेत मावतील एवढी, सगळ्यांना चारच तारा. घरचे कपाळाला हात लावतात: एक असताना दुसरं कशाला, आणि घ्यायचंच तर निदान वेगळ्या कंपनीचं तरी घ्यावं! प्रश्न रास्त आहे, पण गंमत नेमकी याच्या उलट आहे. एकाच कारागिराची दोन वाद्यं पाठोपाठ छेडली, की लाकडाचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा कानाला जाणवतो. हात तोच, माप तेच, तारा त्याच. तरी एक खणखणीत बोलतं आणि दुसरं मऊ. मग हा फरक आला कुठून?

उत्तर शोधायला होनोलुलूच्या कामाका घराण्याकडे जावं. 1916पासून ही मंडळी युकुलेले बनवताहेत, आणि त्यांच्याच वाद्यांवर जीव जडलेले लोक जगभर आहेत.

युकुलेले म्हटलं की हवाई डोळ्यांपुढे येतं, पण हे वाद्य तिथलं मूळचं नव्हे. 23 ऑगस्ट 1879 रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूच्या बंदराला लागलं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून चारशेहून अधिक माणसं उसाच्या मळ्यांत राबायला आली होती. त्यांत तीन कसलेले सुतार होते: मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. मदेरात ‘माशेत’ नावाची चार तारांची चिमुकली गिटार वाजवत. ती या लोकांबरोबर समुद्र ओलांडून आली. मळ्यातून सुटका झाल्यावर तिघांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि बेटावरचंच लाकूड हाताशी धरलं. हवाईचा राजा कालाकाउआ संगीताचा शौकीन. त्याने हे वाद्य उचलून धरलं, हुला नृत्याच्या साथीला दरबारात बसवलं, आणि एका पिढीच्या आत परकं वाद्य घरचं होऊन गेलं. 1915च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनात हवाईच्या दालनाने अमेरिकेला त्याची चटक लावली. पुढच्याच वर्षी, नुनेसच्या हाताखाली शिकलेल्या सॅम्युएल कामाकाने आपल्या घराच्या तळघरात काम सुरू केलं.

याच माणसाने 1920च्या दशकात युकुलेलेची कंबरच काढून टाकली. नेहमीचं युकुलेले गिटारसारखं मधे आवळलेलं असतं. कामाकाने सरळ लांबट गोल पेटी केली. अननसासारखी दिसते म्हणून तिला अननस-युकुलेले म्हणू लागले. पेटीतली हवा वाढली, वरच्या पाटीला हलायला जागा मिळाली आणि आवाज गोल, भरीव झाला. 1928मध्ये त्याचं पेटंटही निघालं.

आता लाकडाकडे येऊ. या वाद्यांचं खास लाकूड म्हणजे कोआ. हे झाड फक्त हवाई बेटांवरच नैसर्गिकरीत्या वाढतं. तिथल्या लोकांनी पूर्वी त्याच्या अखंड खोडातून समुद्रात जाणाऱ्या होड्या कोरल्या. कोकणातल्या माणसाला मात्र हे झाड अगदीच अनोळखी वाटू नये. रस्त्याकडेला, उघड्या कातळावर वनखात्याने लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया आपण पाहतो, त्याचाच हा भाऊबंद. दोघांची एक खोड सारखी आहे. रोप लहान असताना पानं बाभळीसारखी, बारीक पिसांची असतात. झाड वाढलं की ती जातात आणि देठच चपटा होऊन कोयत्याच्या आकाराचं ‘पान’ बनतो. या झाडाच्या पोटात सोनेरी ते गडद तांबूस छटांचं लाकूड असतं. काही खोडांत तंतू सरळ न जाता लाटा घेत वाढतात. अशी फळी रंधून पॉलिश केली की उजेडात तिरकी धरताच पृष्ठभाग हलल्याचा भास होतो. अशा लाकडाला संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. पण नक्षी डोळ्यांसाठी. आवाजाचा हिशेब निराळा आहे.

तार एकटी फारशी ऐकू येत नाही. तिच्या अंगाला हवा ढकलण्याइतकी रुंदीच नसते. तिचं थरथरणं घोडीतून वरच्या पाटीत उतरतं आणि खऱ्या अर्थाने गाते ती पाटी. ही पाटी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. पातळ पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दोन मिलिमीटरची पाटी 1.8वर आणली, दशांश मिलिमीटरच्या दोनच घरांनी, की तिचा ताठपणा जवळजवळ 27 टक्के उतरतो. जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ओढीने पोट फुगतं. त्यात प्रत्येक फळीची घनता वेगळी, तंतूंची दिशा वेगळी. तेव्हा मोजपट्टीवरचा एकच आकडा सगळ्या फळ्यांना लागू करून भागत नाही. ही फळी कुठे थांबायची, ते त्या फळीलाच विचारावं लागतं.

कामाकांच्या कारखान्यात हे विचारणं कसं चालत आलं, ते ऐकून थक्क व्हायला होतं. तिथे अनेक वर्षं कर्णबधिर कारागीर काम करत आले आहेत. पाटीवर बोटाने टिचकी मारायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिची थरथर जोखायची. कानाने ऐकणारा टिचकीच्या आवाजावर जातो. यांना लाकडाचं हलणंच थेट कळतं. इतरांच्या कानांना सुखावणाऱ्या वाद्याची जाडी ठरवणारा माणूस तो सूर कधीच ऐकत नसतो, आणि तरी त्याचा अंदाज पक्का असतो. ध्वनी म्हणजे आधी कंपन, मग आवाज, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे रोजच्या कामाला लागतं.

युकुलेलेची आणखी एक करामत त्याच्या जुळणीत आहे. गिटारच्या तारा वरून खाली जाताना खर्जाकडून चढत जातात. युकुलेलेच्या तारांची कंपनसंख्या मात्र 392, 262, 330 आणि 440 अशी. पहिलीच तार उंच, दुसरी एकदम खाली, मग पुन्हा चढण. सगळ्यात खालच्या आणि वरच्या सुरात सप्तकाचंही अंतर नाही, त्यामुळे चारही सूर खेटून बसतात आणि छेडताच एकदम उमटतात. शिवाय दोन्ही टोकांच्या तारा उंच असल्याने बोट वरून खाली फिरवा किंवा खालून वर, शेवट नेहमी उजळ सुरावरच होतो. हात एका लयीत वर-खाली हलत राहिला तरी गाणं उड्या मारत पुढे जातं, ते यामुळे. आणि खर्जच नसल्यामुळे लाकडाची लबाडी लपवायला जागा नाही. पाटी मंद असेल तर पहिल्याच छेडीत कळतं.

संग्रह जमू लागला की पुढचा छंद सुरू होतो: आवाजाच्या छिद्रातून आत डोकवायचं. आत चिकटवलेल्या कागदी लेबलावरून जाणकार वाद्याचा काळ सांगतात. 1950 आणि 60च्या दशकांतली सोनेरी लेबलाची कामाका त्यांच्यात विशेष मानाची. मग आकार येतात. सोप्रानो लहान आणि तल्लख, कॉन्सर्ट मधला, टेनर लांब आणि घुमारदार. जेक शिमाबुकुरोसारखा वादक कामाकाच्या टेनरवर अख्खं सभागृह खिळवून ठेवतो. काही जण जमवता जमवता वाटूही लागतात. बीटल जॉर्ज हॅरिसन त्यांतला. गायक टॉम पेटीच्या घरून निघताना त्याने गाडीतली चार युकुलेले तिथेच ठेवली. कारण विचारल्यावर म्हणाला, कधी लागतील सांगता येत नाही, प्रत्येक जण काही बरोबर घेऊन फिरत नाही.

सॅम्युएल कामाकाने मुलांना बजावलं होतं, की वाद्यावर घराण्याचं नाव घालणार असाल तर भिकार माल बनवू नका. 1953मध्ये तो गेला, तेव्हा थोरला मुलगा कीटकशास्त्रात डॉक्टरेटच्या मागे होता. तो अभ्यास सोडून कारखान्यात येऊन बसला. तेव्हापासून काम करणारे हात कितीदा तरी बदलले, आणि एका कोआच्या फळीसारखी दुसरी तर कधीच नव्हती. नवा संग्राहक आधी वाद्यावाद्यातला फरक ऐकतो. पुष्कळ वाजवल्यावर फरक मागे पडतो आणि त्या सगळ्यांत सारखं काय आहे ते ऐकू येऊ लागतं: सूर कितपत टिकावा, किती झणकावा, कुठे थांबावा, याबद्दलची एकच आवड. फरक लाकडाचा असतो, साम्य कारागिराचं. आणि ते साम्य एकाच वाद्यात कितीही कान दिला तरी सापडत नाही.