जुन्या सायकलचे ब्रेक: सहलीला जाण्याआधी एवढं कराच

आजेसासऱ्यांची नाहीतर दिरांची जुनी काळी सायकल पुष्कळ घरांत जिन्याखाली उभी असते. सांगाडा दणकट, कॅरियर मजबूत. मुलं म्हणतात, "आई, टायर-ट्यूब बदलून हीच सहलीला नेतो की!" विचार चांगला आहे. पण टायरच्याही आधी पाहायचे ते ब्रेक.

सांगलीकर मैत्रिणींना ह्याची फारशी काळजी वाटणार नाही. मिरजेला जा नाहीतर नरसोबाच्या वाडीला, रस्ता बहुतेक सपाटच. साताऱ्याचं तसं नाही. शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर कासचं पठार सुमारे १२०० मीटरवर. फुलं पाहून परतायचं म्हणजे यवतेश्वरचा घाट उतरायचा, आणि फुलांचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. लांब उतार आणि ओला रस्ता, दोन्ही एकदम!

ब्रेक कमी का पडतात?

जुन्या सायकलला दांड्यांचे ब्रेक असतात. मूठ दाबली की दांडी ओढली जाते आणि रबराचे गुटके रिमला आतल्या बाजूने टेकतात. कोरड्या दिवशी काम भागतं. पण रिम असते लोखंडी, वर चकचकीत मुलामा. ती भिजली की रबर नुसतं घसरतं आणि थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं.

नुसता ब्रेक बदलून भागत नाही

दोन्ही बाजूंनी रिम चिमटीत धरणारे कॅलिपर ब्रेक चांगले खरे, पण त्यांना रिमची कड सपाट लागते. जुन्या रिमची कड गोलसर असते, तिथं गुटका नीट बसत नाही. म्हणून रिमही बदलायची, आणि ती ॲल्युमिनियमची घ्यायची. पावसात ती लोखंडीपेक्षा कितीतरी चांगली पकड देते.

दुकानात जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा:

१. जुन्या २८ इंची चाकाची रिम ६३५ मिलिमीटरची, तर हल्ली सर्रास मिळणारी ७००सी रिम ६२२ ची. म्हणजे गुटका साडेसहा मिलिमीटर खाली पोचायला हवा. लांब हातांचेच ब्रेक मागा.

२. पुष्कळ जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. नव्या रिमची भोकं जुळली नाहीत तर हबसकट चाक घ्यावं लागतं.

३. मुठीही वायरच्या ब्रेकच्याच हव्यात.

४. ब्रेकचा बोल्ट बसायला फोर्कला भोक आहे का, ते आधी पाहून घ्या.

घरात गिअरची जुनी प्रवासी सायकल असेल आणि तिला व्ही-ब्रेक बसवायचे असतील, तर मुठीही त्याच जातीच्या घ्या. ह्या ब्रेकना वायर जास्त ओढावी लागते. जुनी मूठ हँडलला टेकते, तरी ब्रेक पुरता लागत नाही.

एवढा खर्च नको असेल तर

गुटके कडक होऊन चकाकत असतील तर नवे घाला. रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. दांड्यांच्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे, रिमला मात्र तेलाचा हात लागता कामा नये. चाक डुगडुगत असेल तर आउट काढून घ्या. वायर असेल आणि तिचा एक धागा जरी तुटला असेल तरी ती बदला. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मात्र अशी सायकल गावातल्या सपाट रस्त्यापुरतीच ठेवावी, पावसात घाटात नेऊ नये.

मुलांना हे सांगा

पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटा पडतो, ह्या समजुतीने मुलं फक्त मागचाच दाबतात. खरं तर थांबवण्याचं मोठं काम पुढचाच करतो. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाबायचे, आणि वळण येण्याच्या आधी. रिम ओली असेल तर अधूनमधून ब्रेक हलकेच टेकवायचा म्हणजे पाणी पुसलं जातं.

निघण्यापूर्वी अंगणात एकेक ब्रेक दाबून धरायला लावा आणि सायकल पुढे ढकला. चाक फिरलं, किंवा मूठ हँडलला टेकली, तर त्या दिवशी सहल नाही!