लेआउटातील पावसाच्या पाण्याचा हिशेब

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे या गावाची नोंद जनगणनेत आता शहरी वस्ती म्हणून होते. शहरालगतच्या अशा गावांत शेतजमिनीवर लेआउट पडून तेथे घरे व रस्ते होतात. वस्तीच्या उताराकडे ज्यांची वावरे अद्याप शिल्लक असतात, त्यांना मात्र एक अनुभव हमखास येतो. पाऊस पूर्वीइतकाच पडतो, पण धुऱ्यावरून येणारे पाणी वाढते. ही वाढ किती, हे साध्या गणिताने काढता येते.

पाणी का वाढते?

या भागातील काळी भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पहिल्या पावसाचे पुष्कळ पाणी पोटात घेते. पुढे ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी अतिशय सावकाश मुरू लागते. म्हणून श्रावणातील सरीचे पाणी मृगाच्या सरीपेक्षा अधिक वाहते. छपरे व डांबरी रस्ते यांची स्थिती बाराही महिने याहून वाईट असते, कारण तेथे पाणी जवळजवळ मुरतच नाही. शिवाय शेतात सरी व बांध पाण्याला अडवितात, तर पक्की नाली त्याला वेगाने पुढे नेते.

हिशेबाची रीत

एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. यावरून पुढील सूत्र मिळते:

प्रवाह (सेकंदाला लिटर) = २.७८ × गुणांक × तासाला पाऊस (मि.मी.) × क्षेत्र (हेक्टर)

पडलेल्या पाण्यापैकी जो हिस्सा वाहून जातो, तो गुणांक होय. १८८९ साली एमिल कुइचलिंग या अभियंत्याने अमेरिकेतील रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी या रीतीचा अवलंब केला. लहान क्षेत्रासाठी ती आजही उपयोगी आहे.

येथे एक चूक टाळावयास हवी. साध्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतात व ती चोवीस तासांची असते. ९६ मिलिमीटरांची नोंद पाहून तासाला ४ मिलिमीटर पाऊस धरल्यास हिशेब फसतो, कारण त्यातील बराचसा पाऊस एका तासातही पडून गेलेला असू शकतो. क्षेत्राच्या दूरच्या टोकाचे पाणी मोरीपर्यंत येण्यास जितका वेळ लागतो, तितक्या वेळातील जोरदार सरीचा वेग धरला पाहिजे. हा वेळ जितका कमी, तितका सरीचा वेग अधिक धरावा लागतो.

एक उदाहरण

समजा, २ हेक्टरांचे शेत आहे. गुणांक ०.५० व सरीचा वेग तासाला ६० मिलिमीटर धरला, तर:

२.७८ × ०.५० × ६० × २ = सेकंदाला सुमारे १६७ लिटर.

आता १.२ हेक्टरांवर छपरे व रस्ते झाले (गुणांक ०.९०) आणि ०.८ हेक्टर मोकळे राहिले (गुणांक ०.५०). सरासरी गुणांक ०.७४ होतो. नाल्यांमुळे पाणी लवकर जमते, म्हणून सरीचा वेग ८० धरू:

२.७८ × ०.७४ × ८० × २ = सेकंदाला सुमारे ३२९ लिटर.

प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला. जुन्या प्रवाहापुरती बांधलेली मोरी आता तुंबेल आणि पाणी खालच्या वावरात पसरेल. भारी जमिनीत ते साचून राहिले म्हणजे मुळांना हवा मिळत नाही, तूर उबळते व कपाशी पिवळी पडते.

उपाय

वाढीव पाणी लेआउटातच थोपवून धरावे. तासाला ६० मिलिमीटर वेगाचा पाऊस तासभर पडला, तर वरील उदाहरणात पूर्वीपेक्षा २८८ घनमीटर पाणी अधिक वाहते. १६ मीटर लांब, १२ मीटर रुंद व १.५ मीटर खोल तळ्यात ते मावते. तळ्याची निकास-नळी पूर्वीच्या प्रवाहाएवढेच, म्हणजे सेकंदाला १६७ लिटर, पाणी सोडील अशा बेताची असावी. काळ्या जमिनीत पाणी आपोआप मुरेल या भरवशावर राहू नये. तसेच फुगणाऱ्या मातीत घरांच्या पायाजवळ तळे घेऊ नये.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार वरच्या जमिनीवरून नैसर्गिकरीत्या येणारे पाणी खालच्या जमिनीच्या मालकाने वाहू दिले पाहिजे. परंतु छपरांनी व नाल्यांनी वाढविलेले पाणी नैसर्गिक म्हणता येईल काय, हा प्रश्न खालच्या शेतकऱ्याने अवश्य विचारावा. त्यासाठी भराव पडण्यापूर्वीच जमिनीचा उतार, नाल्याची रुंदी व मोरीचे माप लिहून ठेवावे आणि लेआउटाच्या आराखड्यात वरील दोन्ही आकडे दाखवावयास सांगावे. पावसाळ्यात वावर बुडाल्यानंतर तक्रार करण्यापेक्षा उन्हाळ्यात केलेला हा हिशेब अधिक उपयोगी पडतो.