मुलाची सायकल : वयाने नव्हे, मापाने

“वाढतं पोर आहे, मोठीच द्या,” हे अंधेरी ते मुलुंडच्या सायकल दुकानदारांच्या नित्य कानी पडते. पालकांना पैसे वाचवायचे असतात. पण मोठ्या माउंटन बाईकवर मुलाचे पाय जमिनीला व बोटे ब्रेकला पोहोचत नाहीत. लाल बहादूर शास्त्री मार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर ही बचत जिवावर बेतू शकते.

सायकलचा नंबर म्हणजे चाकाचे माप. साधारणपणे ६ ते ९ वर्षांच्या मुलास २० इंची, ९ ते १२ वर्षांस २४ इंची आणि पुढे २६ इंची चाक लागते. मात्र वयापेक्षा पायाची लांबी पाहावी. मुलाला डांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे करावे. डांडा व जांघ यांत २-३ इंच मोकळी जागा हवी. सीटवर बसल्यावर पायांचे चवडे टेकावेत.

वाढत्या अंगाची सोय सीटमध्ये आहे. सीटचा दांडा वर घेता येतो. मात्र त्यावर कोरलेल्या खुणेच्या वर काढू नये. बहुतेक ब्रेकची मूठही स्क्रूने जवळ आणता येते.

दुकानदार बंधूंनी दर सहा महिन्यांनी सीट तपासून द्यावी, लहान झालेली सायकल परत घेऊन दुरुस्त करून विकावी. पालकांचा खर्च हलका होतो, कारागिराला काम मिळते आणि गिऱ्हाईक टिकते.