शेगडीतील निळी ज्योत

कोळशाच्या शेगडीवर निळी ज्योत दिसते ती कार्बन मोनॉक्साइड वायूची. तळाशी हवा मिळून कार्बन डायऑक्साइड होतो. वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना त्याचाच मोनॉक्साइड बनतो. भट्टीत हेच मुद्दाम घडविले की नायट्रोजनमिश्रित ‘प्रोड्यूसर गॅस’ मिळतो. वाफ सोडल्यास हायड्रोजनयुक्त ‘वॉटर गॅस’. सिंद्रीच्या कारखान्यात १९५१ पासून कोकच्या अशाच वायूतील हायड्रोजन वापरून अमोनियम सल्फेट खत होऊ लागले, ते शेतकऱ्यांच्या परिचयाचे होते.

मात्र हा मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन व प्राणघातक आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे कामास जाऊन एका खोलीत दाटीने राहणाऱ्या गावच्या तरुणांना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बजावावे की, ज्योत मावळली तरी निखारे हा वायू सोडीतच असतात. दार लावून शेगडीपाशी निजू नये. डोके जड झाल्यास प्रथम बाहेर मोकळ्या हवेत यावे.